चोर चांगली प्रत ठेवून गेला

१

"वहिनी, चोरी झाली! वर या लवकर!"

भाऊजी जिन्यातूनच ओरडत आले. माझे हे दीर निवृत्त दंतवैद्य. जन्मभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावलं, आणि आता स्वतःचंच मिटत नव्हतं. मी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि त्यांच्यामागे वरच्या मजल्यावर गेले.

वरची मोठी खोली त्यांच्या संग्रहाची. संग्रह कसला, तर जुन्या विलायती साप्ताहिकांचा. खास शाळकरी पोरांसाठी निघायची ती. आमच्या लहानपणी बोटीने यायची आणि बंदराजवळच्या स्टॉलवर दोरीला टांगलेली असायची. कागद अगदी हलका, दोन पिनांत अडकवलेला. आत पाणबुड्या, गुप्तहेर, वसतिगृहातल्या खोड्या, आणि ऐन मोक्याच्या क्षणी 'पुढील अंकी'. पोरं वाचायची, फाडायची, होड्या करायची. म्हणून जे अंक उरले त्यांना आज मोल. भाऊजींनी ते अर्धं आयुष्य घालवून जमवले होते, आणि सोमवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयाची गाडी येऊन सगळे घेऊन जाणार होती. तिथे थंड खोली आहे, कागद टिकेल, कुणीतरी वाचेल, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं.

"काय गेलं?" मी विचारलं.

"दादाचा अंक."

मी खुर्ची ओढून बसले. दादा म्हणजे भाऊजींचे थोरले बंधू, म्हणजेच माझे हे. त्यांना जाऊन काही वर्षं झाली. तो अंक त्यांच्या लहानपणचा, पाणबुडीच्या लांबलचक कथेतला मधलाच एक. मुखपृष्ठावर वादळात सापडलेली बोट आणि एकडोळ्या कप्तान. मूळ चित्र नुसतं काळ्या शाईतलं, पण ते मेणाच्या खडूंनी रंगवलेलं होतं. इतकं दाबून, की अजूनही बोट फिरवलं तर मेण हाताला लागायचं. आणि समुद्र लालभडक. नवीन लग्न झालं तेव्हा मी ह्यांना विचारलं होतं, समुद्र लाल का? "लढाई झाल्यानंतरचा समुद्र आहे तो," ह्यांनी गंभीरपणे सांगितलं होतं. सगळ्या घराला हेच उत्तर माहीत होतं. भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अंक दाखवायचे आणि हेच सांगायचे.

"अहो, पण अंक तर इथेच दिसतोय." मी पारदर्शक पाकिटाकडे बोट केलं.

"नीट बघा."

तोच अंक, तोच क्रमांक, तीच बोट. पण मुखपृष्ठ काळं-पांढरं, स्वच्छ, खडूचा ठिपकाही नाही.

"आपला नेला आणि हा ठेवला," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे चोर खराब प्रत घेऊन गेला आणि चांगली ठेवून गेला?"

"हो ना!"

मी जन्मभर ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवलं. दुसऱ्याचा नवा कोट उचलून आपला विटका ठेवून जाणारे महाभाग मी ढीगभर पाहिलेत. उलटं करणारा एकही भेटला नव्हता.

"मला ठाऊक आहे कोण ते," भाऊजी म्हणाले. "कॅप्टन. परवाच्या आपल्या संग्राहकांच्या बैठकीला आला होता. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि हे? आजपासून त्याचं तोंड बघणार नाही."

ते फोनकडे निघाले. मी त्यांच्या आधी फोनवर हात ठेवला.

"आधी मी बघून येते त्याचं तोंड. मग तुमचं तुम्ही ठरवा."

२

संग्राहकांच्या जगाची एक रीत आहे. हातात जास्त चांगली प्रत आली की जुनी काढायची आणि नवी ठेवायची. यात कुणाला वाईट वाटत नाही, उलट अभिनंदन होतं. कॅप्टन या रीतीचा कट्टर भक्त. जन्म गेला मालवाहू बोटींवर, आणि प्रत्येक बंदरातून त्याने रद्दीवाल्यांकडचे गठ्ठे आणले. 'तो रंगवलेला अंक बदल रे बाबा, लाज वाटते बघायला,' असं तो भाऊजींना दर भेटीत सुनवायचा.

त्याने स्वतःच दार उघडलं आणि कॉफीही स्वतःच केली. मी काय झालं ते सांगितलं, तर हा बाबा खदाखदा हसत सुटला.

"वहिनी, मी बदलला असता तर वाजतगाजत बदलला असता! त्याला समोर बसवून. गुपचूप केलं तर मग मजा काय?"

हे मला पटलं. कॅप्टनला आयुष्यात काही गुपचूप करता आलेलं नाही. शिंकतोसुद्धा तो चारचौघांना ऐकू जाईल असा.

"तुमच्याकडे त्या अंकाची स्वच्छ प्रत होती का?"

"होती एक. वरून नवरीसारखी आणि आतून वाळवीने चाळण केलेली. ती कधीच बाइंडरला मोडीत देऊन टाकली. बाइंडरकडे तसल्या प्रतींचा ढीगच असतो. याचं पान काढून त्याला लावायचं, त्याची पाठ काढून याला." मग तो एकदम थांबला. "एक मिनिट. तुम्ही मला का विचारताय? त्याला वाटतंय का की मी नेला?"

मी कप उचलून तोंडाला लावला.

"खरंच वाटतंय त्याला?"

एवढा दांडगा माणूस, पण त्याचा आवाज अगदी बारीक झाला. कॉफी त्याने तशीच ठेवली. माणूस खोटं बोलायला लागला की आधी भरपूर बोलतो. दुकानात 'हा डाग आधीपासूनच होता' म्हणणारे सगळे बडबडे असायचे. कॅप्टन मात्र मी दाराबाहेर पडेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मला भाऊजींचा चांगलाच राग आला.

३

घरी आले तर संग्रहाच्या खोलीत वन्सं गठ्ठे बांधत बसल्या होत्या. वन्सं म्हणजे माझी नणंद, भाऊजींची ताई. माझे हे थोरले, या मधल्या, भाऊजी शेंडेफळ. बांधाबांधीला मदत म्हणून पंधरवड्यापूर्वी आल्या होत्या. हाताला काम आणि तोंडाला विराम नाही, अशी बाई.

"काय गं वहिनी, लागला का शोध?"

"कुठला लागतोय! तुम्हाला काही दिसलं का, वन्सं? तुम्ही दिवसभर इथेच असता."

"मला काय दिसणार? मला कधी हात तरी लावू दिला का या दोघांनी? दर आठवड्याला अंक आला की दार लावून घ्यायचे. दादा वाचणार, हा धाकटा ऐकणार. मी दार वाजवलं की 'मुलींचं नाही हे' म्हणून आतून ओरडायचे. मग मी बसायची उंबऱ्याबाहेर कान लावून." त्या हसल्या. "आता म्हातारपणी बांधायला मात्र मी चालते."

"तो लाल समुद्र गेल्याचं मला फार लागलंय हो," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. "ह्यांच्या हातचं तेवढंच होतं."

"निळा खडू नखाएवढासुद्धा उरला नव्हता, दुसरं काय करणार," वन्संनी गाठ आवळली. "कात्री दे इकडे."

कात्री दिली आणि मी ती स्वच्छ प्रत घेऊन खिडकीशी गेले. भाऊजींनी ती मुखपृष्ठ बघूनच तडकून बाजूला टाकली होती, उघडली नव्हती. माझी सवय वेगळी. कपडा हातात आला की मी आधी उलटा करते आणि अस्तर बघते. वरून कितीही धुतलेला असो, तेलकट डाग एका थरात राहत नाही. तो आत उतरतो आणि अस्तरावर आपली सावली सोडतो.

मी मुखपृष्ठ उलटलं. त्याची आतली बाजू स्वच्छ होती.

पुढच्या पानावर मात्र, ओळींच्या मागे, एक फिकट तेलकट डाग पसरला होता. उजेडात धरला तर कडेला किंचित लालसर. खाली रुंद, वर लाटांसारखा नागमोडी.

मी पान मुखपृष्ठाला लावून पाहिलं. डाग बरोबर समुद्राच्या जागी बसला. इतक्या वर्षांत खडूचं मेण जुन्या मुखपृष्ठातून झिरपून या पानावर उतरलं होतं. म्हणजे आतला अंक आमचाच होता. चोराने अंक नेलाच नव्हता. त्याने फक्त वरचा कागद नेला होता.

४

अंकात पिनांच्या जागी पांढरा दोरा होता. गंजक्या पिना काढून दोऱ्याने शिवायचं काम आमच्या ओळखीत एकच माणूस करतो. त्याला सगळे बाइंडर म्हणतात. तोही बैठकीतला. शिवाय परवाच्या भर बैठकीत कुणी सुईदोरा घेऊन बसलं नव्हतं. म्हणजे अंक आधीच कधीतरी घराबाहेर गेला होता, शिवून परत आला होता आणि शहाण्यासारखा आपल्या पाकिटात जाऊन बसला होता.

बाइंडरचं दुकान दोन गल्ल्यांपलीकडे. आत खळीचा वास, कापलेल्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्या आणि दाब देणारा लोखंडी प्रेस. मी अंक त्याच्यासमोर ठेवला.

"हे तुमच्या हातचं."

त्याने दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "हो. माझंच."

इतक्या सरळ कबुलीने मीच गोंधळले. "कुणी आणून दिलं होतं?"

त्याने ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले आणि मला बसायला स्टूल दिलं. "वहिनी, एखाद्याच्या कॉलरवरचा लिपस्टिकचा डाग तुम्ही काढलात, तर त्याच्या बायकोला जाऊन सांगाल?"

झाली का पंचाईत! असे डाग मी किती काढले असतील, आणि कुणाच्या बायकोला एक अक्षर बोलले नाही. धंद्याची रीत ती धंद्याची रीत. त्यात बाइंडर नेहमीचा आपला माणूस. त्याला कोंडीत धरणं मला जमेना.

"बरं, नाव नका सांगू. जुनं मुखपृष्ठ धड आहे?"

"मी काय फाडणारा माणूस वाटतो? दोन पुठ्ठ्यांत घालून दिलंय."

"आणि वरचं हे नवं?"

"कॅप्टनच्या मोडीतलं. त्याला पत्ताही नाही."

"ज्याने काम दिलं, तो काय म्हणाला? एवढं तरी सांगा."

बाइंडरने जरा विचार केला. "'अंक अपुरा राहता कामा नये, त्याच्या मनाला लागेल.' हे दोनदा बजावलं. मी म्हटलं, तो बघताक्षणी ओळखेल. तर म्हणे, चांगली प्रत बघून खूशच होईल, तुमच्यात तशीच रीत आहे ना."

मी उठले. दारापर्यंत आले आणि मला हसूच आलं. संग्राहकांची रीत ऐकून माहीत, पण संग्राहक कसा असतो ते माहीत नाही, अशी व्यक्ती. भाऊजींच्या मनाला लागू नये म्हणून धडपडणारी. घरातून अंक नेऊन परत ठेवू शकणारी. घरात आम्ही तिघंच, भाऊजी स्वतः तक्रारदार, आणि मी हे केलेलं नाही याची मला खात्री होती.

आणि वर तो निळा खडू. सगळं घर म्हणतं, समुद्र लढाईमुळे लाल. निळा खडू संपला होता, हे कुणाला ठाऊक असणार? ज्याच्या हातात तेव्हा खडूंचा डबा होता, त्यालाच.

घराच्या पायऱ्या चढताना माझं हसू गेलं. कारण याचा दुसरा अर्थ असा होता, की माझ्या ह्यांनी ते चित्र रंगवलंच नव्हतं.

५

वन्सं गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होत्या. मी एका चादरीचं टोक धरलं, त्यांनी दुसरं धरलं, आणि आम्ही घडी घालू लागलो.

"वन्सं, मुखपृष्ठ कुठे ठेवलंय?"

त्यांच्या हातातलं टोक सुटलं. मग त्यांनी ते शांतपणे उचललं आणि पुन्हा माझ्याकडे आणून दिलं.

"माझ्या बॅगेत. शालीच्या घडीत." घडी घालता घालता म्हणाल्या, "तुझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही, हे विसरलेच मी."

"मागितलं असतंत तर भाऊजींनी हसत दिलं असतं."

"काय म्हणून मागू? मला गोवर झाला होता तेव्हा. दोघं बाहेर गेलेले, मी एकटी पडून. दादाच्या गादीखालचा अंक काढला. मला कुठे इंग्रजी वाचता येत होतं, मग रंगवला. इतकी खूश होते मी! संध्याकाळी वडिलांनी पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. मी रडायला लागणार, तेवढ्यात दादा पुढे झाला. म्हणाला, मी रंगवला. त्याचे अंक महिनाभर बंद केले वडिलांनी. नंतर मला म्हणाला, कुणाला बोलायचं नाही, आणि समुद्र झकास झालाय."

वन्संनी चादर छातीशी धरली.

"दादा गेल्यावर हा धाकटा तो अंक जिवापाड जपायला लागला. दादाच्या हातचा, दादाच्या हातचा. आता मी कुठल्या तोंडाने सांगू, की तो माझ्या हातचा आहे म्हणून? त्याच्याकडे दादाचं तेवढंच आहे. पण सोमवारी तो जाणार, थंड खोलीत कुलपात, तोही दादाच्या नावाने. मला नाही बघवलं. माझं म्हणावं असं लहानपणातलं माझ्याकडे काहीच नाही गं."

आता पेच माझ्यापुढे होता. गप्प राहावं तर भाऊजी कॅप्टनला कायमचे तोडून बसणार. सांगावं तर भाऊजींच्या हातून त्यांचा दादा जाणार. आणि थोडासा माझाही.

"वन्सं," मी म्हटलं, "कॅप्टनवर आळ आलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चादर माझ्या हातात कोंबली आणि तडक जिना उतरून आपल्या बॅगेकडे गेल्या.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं. कॅप्टन दाराजवळ अंग चोरून बसला होता. भाऊजी त्याच्याकडे पाठ करून. बाइंडर छताकडे बघत होता. मी अंक उघडून डागाची जागा दाखवली, दोरा दाखवला, आणि म्हटलं, पुढचं सांगायचा मान माझा नाही.

वन्संनी ते मुखपृष्ठ टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. गोवर, गादी, खडू, वडिलांचा आरडाओरडा. एरवी एका वाक्याची दहा करणारी बाई, त्या दिवशी थोडक्यात बोलली.

भाऊजींनी त्या लाल समुद्रावरून बोट फिरवलं.

"म्हणजे दादाने हे रंगवलंच नाही."

"नाही रे."

"आणि महिनाभराची शिक्षा भोगली."

"हो."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. मग भाऊजी हळूच म्हणाले, "तरीच. मला आयुष्यभर प्रश्न पडायचा, एवढं चित्र रंगवणाऱ्या माणसाने पुन्हा कधी खडू हातात का घेतला नाही. ताई, अगं, नुसता रंगवलेला अंक होता माझ्याकडे. आता कळतंय दादाने काय केलं होतं ते." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "हे जास्त चांगलं आहे गं."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. दुकानात तीस वर्षं मी गिऱ्हाइकांची थापेबाजी चेहऱ्यावरून ओळखली. माझ्याशी खोटं बोलून कुणी निसटलं नाही, असा माझा तोरा होता. आणि हा माणूस लग्नाच्या पहिल्या वर्षापासून अगदी शेवटपर्यंत, 'लढाईनंतरचा समुद्र' म्हणून, डोळ्याला डोळा भिडवून सांगत आला. बहिणीला दिलेला शब्द बायकोपाशीसुद्धा मोडला नाही. मला तेव्हा त्यांचा इतका अभिमान वाटला, की रागवायचं राहूनच गेलं.

भाऊजी उठून कॅप्टनसमोर उभे राहिले. "मी तुला चोर म्हटलं."

"म्हटलंस."

"माफ कर."

"माफीबिफी नको. तुझ्याकडे त्या गुप्तहेरवाल्या अंकाच्या दोन प्रती आहेत. चांगली मला दे."

"चांगली?"

"चांगली."

भाऊजींनी मुकाट्याने कपाट उघडलं. बाइंडर इतका वेळ दाबून धरलेलं हसू एकदम सोडून मोकळा झाला, आणि खोलीतली हवाच बदलली.

मग भाऊजींनी आतला अंक आणि मुखपृष्ठ एकत्र करून वन्संच्या मांडीवर ठेवलं. "हा तुझा. ग्रंथालयात नाही जायचा."

वन्संनी तो उलटसुलट केला आणि परत त्यांच्याच हातात दिला. "वाचून दाखव. दाराबाहेर अर्धंमुर्धंच ऐकू यायचं."

भाऊजींनी घसा साफ केला. सुरुवातीला लाजले. मग एकडोळ्या कप्तानाचा घोगरा आवाज काढला, बुडणाऱ्या बोटीचे कडाकड आवाज काढले, आपल्या भाषेत उल्था करून सांगताना मधेच दोन शिव्या पदरच्या घातल्या. कॅप्टन 'बोट अशी बुडत नाही' म्हणून अडवायला लागला, त्याला आम्ही गप्प केलं. वन्सं हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या. पाणबुडीचं झाकण अडकलं, पाणी आत आलं, कप्तानाने पिस्तूल उचललं, आणि अंक संपला.

वन्संनी हनुवटीवरचा हात काढला.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "या येड्यांसाठी मला उंबऱ्याबाहेर बसवलंत? पाण्यात पिस्तूल घेऊन काय करणार तो?"

"ते पुढच्या अंकात आहे," भाऊजी ओशाळून म्हणाले.

"मग काढ की."

"तू काल बांधलास ना तो. खालून तिसरा गठ्ठा. कचकचून गाठी मारल्यास."

"कात्री कुठाय?"

बाइंडरने खिशातून स्वतःची कात्री काढली आणि गुडघ्यावर बसून दोरी कापायला लागला. मी खाली जाऊन ग्रंथालयाला फोन लावला आणि सांगितलं, की सोमवारी गाडी पाठवू नका, घरातल्या एका माणसाचं वाचून व्हायचं आहे.